कागदाचे वैभव : शेठ प्रेमचंद रायचंद

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिला नसेल, पण त्याचे चित्र न पाहिलेला विद्यार्थी विरळाच. 280 फूट उंचीचा तो मनोरा ज्यांच्या नावाने उभा आहे त्या राजाबाई कोण, आणि तो ज्यांच्या पैशातून उभा राहिला ते शेठ प्रेमचंद रायचंद कोण, असे विचारले तर मोठे दानशूर गृहस्थ होते एवढेच उत्तर मिळते. दानशूर ते होतेच. परंतु त्यांचे चरित्र वाचताना मला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. 1864 साली मुंबईत त्यांच्या शब्दावर बँका उभ्या राहत होत्या. 1866 साली घेणेकरी दारात उभे होते आणि त्यांना देण्याजोगा पैसा हाती नव्हता. मधल्या दोन वर्षांत तो पैसा चैनीत उधळला गेला नव्हता, चोरीस गेला नव्हता की आगीत जळाला नव्हता. तो जवळजवळ सगळा शेअरच्या कागदांत अडकला होता, आणि त्या कागदांना गिऱ्हाईक उरले नव्हते.

प्रेमचंदांचा जन्म 1831 साली सुरतेस एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद हे व्यापाराच्या निमित्ताने मुंबईस येऊन राहिले. सुरतेचे वैभव तोवर ओसरले होते आणि चार पैसे मिळवू पाहणारा गुजराती व्यापारी मुंबईची वाट धरीत होता. मुलाला त्यांनी एल्फिन्स्टन संस्थेत घातले. तेथे तो इंग्रजी लिहावाचायला आणि बोलायला शिकला. त्या काळच्या देशी दलालांत हे दुर्मीळ होते. साहेबांच्या बँकेत आणि पेढीत जाऊन दुभाष्यावाचून बोलणारा देशी दलाल म्हणजे अपूर्वाईच. विशीच्या आतबाहेर असताना, म्हणजे आज मी आहे साधारण त्याच वयात, प्रेमचंद शेअरच्या दलालीत उतरले.

तेव्हा हा धंदा अगदी लहान होता. 1850 च्या सुमारास बँका आणि व्यापारी ज्यांना मानीत असे दलाल मुंबईत पाच-सहाच होते. टाऊन हॉलसमोरच्या मोकळ्या जागेत, वडाच्या झाडाखाली उभे राहून ते सौदे करीत. 1860 पर्यंत त्यांची संख्या साठावर गेली आणि त्यांचे पुढारपण प्रेमचंदांकडे आले. शेअरबरोबर कापूस आणि सोनेचांदी यांचा व्यापारही त्यांच्या हाती होता. विलायतेची टपाल घेऊन येणारी बोट बंदराला लागण्यापूर्वीच ते आपली माणसे होडीतून तिच्याकडे पाठवीत आणि लिव्हरपूलचा भाव इतरांच्या आधी मिळवीत, असे सांगतात. बातमी आधी मिळाली की माल आधी घेता येतो. यात जादू काही नाही.

येथे कापसाच्या त्या व्यापाराची रीत थोडी सांगणे भाग आहे, कारण पुढची सगळी कथा तिच्यातच आहे. सुवेझचा कालवा 1869 साली खुला झाला. त्यापूर्वी मुंबईत भरलेल्या गासड्या शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून विलायतेला जात आणि त्या प्रवासाला तीन-चार महिने लागत. म्हणजे व्यापाऱ्याने कापूस घ्यायचा आजच्या भावाने आणि तो विकला जायचा तीन-चार महिन्यांनंतरच्या भावाने. तोवर त्याचा पैसा समुद्रावर तरंगत असे. भाव चढता असेल तर हा विलंब फायद्याचा. जहाज जितके रेंगाळेल तितका नफा अधिक! भाव उतरता असेल तर मात्र प्रत्येक गासडीबरोबर थोडे थोडे दिवाळेच भरलेले असते.

एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद झाला. त्या गिरण्यांना दुसरा मोठा आधार हिंदुस्थानच्या कापसाचा. भाव चढू लागला तो चढतच गेला आणि 1864 पर्यंत युद्धापूर्वीच्या चार-पाच पट झाला. या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या किमतीपेक्षा जास्तीचे असे सात-आठ कोटी पौंड मिळाले, असा हिशेब जाणकारांनी केला आहे. दहा रुपयांचा पौंड धरला तर हे सत्तर-ऐंशी कोटी रुपये झाले, आणि तेही त्या काळचे. लोकांनी घरातल्या जुन्या गाद्या-उशा उसवून त्यांतला कापूस विकला अशी आख्यायिका आहे. मला ती खोटी वाटत नाही. भाव चढला की माणसे काय करतात हे कापसाच्या मुलखात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

हा पैसा आमच्या बाजूच्या शेतकऱ्यापर्यंतही पोचला. खानदेश, वऱ्हाड, वर्धा-हिंगणघाट या भागांत शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, नांगराला चांदीचा फाळ लावला, अशा गोष्टी त्या वेळी पसरल्या होत्या. त्यांत अतिशयोक्ती असेल. एवढे मात्र खरे की सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागला आणि कुणबी ते घेऊ लागला. कारण दोघांनाही हा भाव कायमचा वाटत होता. कापूस वाहून नेण्यासाठी जिची घाई चालली होती ती आगगाडी मात्र नागपूरला पोचली 1867 साली, भाव पडून दोन वर्षे होऊन गेल्यावर!

मुंबईत आलेल्या पैशाने पुढे काय करायचे हा प्रश्न होता. गिरण्या काढता आल्या असत्या. मुंबईत पहिली कापडगिरणी 1854 साली स्थापन झालेली होती, म्हणजे रस्ता अगदीच अनोळखी नव्हता. पण गिरणीला इमारत लागते, यंत्रे विलायतेहून आणावी लागतात, नफा दिसायला वर्षे जातात. शेअरला यांपैकी काहीच लागत नाही. जानेवारी 1865 पर्यंत मुंबईत 31 बँका, 16 वित्तसंस्था आणि 8 जमीन कंपन्या झाल्या होत्या. त्यांतल्या कित्येकींजवळ नाव, पाटी आणि संचालकांची यादी यांपलीकडे फारसे काही नव्हते.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी प्रेमचंद होते. नवी कंपनी निघाली की तिचे शेअर कोणाला किती द्यायचे हे पुष्कळदा तेच ठरवीत. शेअर वाट्याला आला की तो त्याच दिवशी चढ्या भावाने विकता येई. म्हणजे वाटपाच्या यादीत नाव असणे हीच कमाई. त्यामुळे सकाळपासून त्यांच्या भायखळ्याच्या बंगल्यापुढे माणसांची रीघ लागे. तीत देशी व्यापारी असत तसेच मोठमोठे युरोपियन अधिकारीही असत. सर दिनशा वाच्छा तेव्हा विशीतले होते. त्यांनी हे दिवस डोळ्यांनी पाहिले आणि पुढे म्हातारपणी त्यांवर व प्रेमचंदांच्या चरित्रावर पुस्तके लिहिली. प्रेमचंदांची राहणी अखेरपर्यंत साधी होती असेच सगळे सांगतात. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. पैसा बुडण्यासाठी माणूस उधळा असावा लागत नाही.

सर्वांत गाजलेली कंपनी म्हणजे बॅक बे रेक्लमेशन. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र हटवून जमीन करायची आणि ती विकायची, ही कल्पना. कल्पना काही वेडगळ नव्हती, कारण मुंबईत जमीन कमी आणि माणसे फार. 1 फेब्रुवारी 1864 च्या शिरगणतीत शहराची वस्ती 8,16,562 भरली होती. पण जेथे अजून खारे पाणी होते त्या जमिनीच्या शेअरला काय भाव यावा? पाच हजार रुपये भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांपर्यंत गेला. समुद्र होता तेथेच होता.

आता खरा गुंता सांगतो. हे शेअर घ्यायला एवढा पैसा आला कोठून? कापसाचा नफा मोठा खरा, पण तोही पुरेना. मग शेअर तारण ठेवून बँकेकडून कर्ज घ्यायचे, त्या कर्जातून नवे शेअर घ्यायचे, ते पुन्हा तारण ठेवायचे. भाव वाढला की तारणाची किंमत वाढे आणि आणखी कर्ज मिळे. 1840 साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेवर पूर्वी असल्या कर्जाला कायद्याची बंदी होती. 1863 च्या नव्या कायद्याने ती उठली. ही सरकारचा भाग असलेली प्रतिष्ठित बँक. तिचे सेक्रेटरी जेम्स ब्लेअर यांच्यावर प्रेमचंदांचा एवढा पगडा होता की त्यांनी शिफारस केलेल्या माणसाला कर्ज सहसा नाकारले जात नसे. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन तर प्रेमचंदांचीच. म्हणजे कर्ज देणारा, घेणारा, शिफारस करणारा आणि ज्या शेअरवर कर्ज मिळे ती कंपनी काढणारा, ही सगळी एकाच गोतावळ्यातली माणसे. बाहेरून पाहणाऱ्याला संपत्तीच्या दहा राशी दिसत होत्या. प्रत्यक्षात रास एकच होती, तीच दहा वेळा मोजली जात होती. आणि तिच्या तळाशी होता लिव्हरपूलचा कापसाचा भाव. तो भाव अमेरिकेतल्या लढाईवर टेकलेला. मुंबईतला कोणताही शेठ ती लढाई एक दिवससुद्धा लांबवू शकत नव्हता.

प्रेमचंदांना हे कळत नसेल काय? बातमी आधी मिळवण्यावरच ज्यांचे आयुष्य उभे होते त्यांना युद्ध कधीतरी संपणार हे माहीत नव्हते, असे म्हणणे मला पटत नाही. मला वाटते, कळूनही त्यांना बाहेर पडता आले नाही. ज्याच्या नावावर बाजार उभा आहे त्याने आपले शेअर विकायला काढले असे समजताच बाजार कोसळणार. थोडे शेअर असणारा माणूस मुकाट्याने विकून मोकळा होतो; फार असणाऱ्याला विकायचे तर घेणारा तेवढाच मोठा हवा, आणि तेवढा मोठा दुसरा कोणी नव्हता. अर्थशास्त्राच्या तासाला रोखता हा शब्द आला की माझ्या डोळ्यांपुढे भायखळ्याचा तो बंगला येतो.

याच गोष्टीचे लहान रूप आमच्या गावात मी पाहिले आहे. 2021-22 च्या हंगामात कापसाला क्विंटलमागे दहा हजारांच्या वर भाव मिळाला. म्हणून पुढच्या हंगामात घरोघर कापूस साठवून ठेवला गेला. आमच्याही घरी एक खोली छतापर्यंत भरली होती. उन्हाळ्यात त्यातल्या किडीने घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. भाव येईल, भाव येईल म्हणत शेवटी पेरणी तोंडावर आल्यावर बियाण्या-खतासाठी तो सात हजारांच्या आसपास विकावा लागला. वडिलांना व्यवहार कळत नाही असे मी म्हणणार नाही. मिरगाला पैसा लागतो आणि कापूस म्हणजे पैसा नव्हे, एवढाच तो प्रश्न होता. फरक इतकाच की आमच्या खोलीत निदान कापूस होता.

1864 च्या अखेरीपासून अमेरिकेत समेटाच्या वार्ता सुरू झाल्या आणि भाव डळमळू लागला. 9 एप्रिल 1865 रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. मे महिन्यात मुंबईच्या बाजाराने हाय खाल्ली. समुद्रावर असलेला आणि गोदामांत पडलेला कापूस घेतला त्या किमतीच्या निम्म्यानेही जाईना. बेहरामजी होरमसजी कामा या बड्या व्यापाऱ्याची पेढी प्रथम कोसळली. लोकांचे डोळे 1 जुलै 1865 या तारखेकडे लागले होते. शेअरचे असंख्य वायद्याचे सौदे त्या दिवशी पुरे व्हायचे होते. सहा महिन्यांपूर्वी ठरलेल्या भावाने माल घ्यायचा आणि पैसे मोजायचे. तो दिवस उजाडला तेव्हा घेणाऱ्याजवळ पैसा नाही, देणाऱ्याच्या हाती रद्दी. प्रत्येक जण दुसऱ्याचा देणेकरी आणि तिसऱ्याचा घेणेकरी; एक पडला की त्याच्या मागे ओळ पडे. बँक ऑफ बॉम्बेचा 500 रुपयांचा शेअर 2850 पर्यंत चढला होता, तो 87 रुपयांवर आला.

बुडालेल्यांत नुसते सटोडिये नव्हते. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा विद्वान आणि परोपकारी धन्वंतरीही या लाटेत आपली मिळकत गमावून बसला. जमशेदजी टाटा तेव्हा तरुण होते. प्रेमचंद आणि टाटांचे वडील यांच्या भागीदारीतून लंडनला बँक काढण्यासाठी ते गेले होते. बरोबर कापसाच्या हुंड्या आणि कागद होते. तेथे पोचेपर्यंत त्या कागदांचे मोल उतरले आणि बँक काढण्याऐवजी घेणेकऱ्यांची समजूत घालण्याची पाळी त्यांच्यावर आली. जमशेदजी त्यातून सावरले. पुष्कळजण सावरले नाहीत. 1872 च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती 6,44,405 भरली.

प्रेमचंद आणखी काही महिने उभे राहिले. बँक ऑफ बॉम्बे त्यांना सावरून धरण्यासाठी पैसा देत राहिली, कारण ते पडले तर बँकेजवळचे तारणही मातीमोल होणार होते. घेणेकरी आणि देणेकरी एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बुडाले, असे म्हणायला हरकत नाही. 1866 साली प्रेमचंदांचे दिवाळे निघाले. एशियाटिक बँकही त्याच सुमारास बसली. 1868 साली जुनी बँक ऑफ बॉम्बे गुंडाळण्यात आली आणि तिचे भांडवल गेले. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याच्या चौकशीत कर्जवाटपातला सैलपणा बाहेर आला आणि प्रेमचंदांचे नाव पुन्हा पुन्हा निघाले. त्यांना केवळ परिस्थितीचा बळी ठरवणे मला योग्य वाटत नाही. दुसऱ्यांच्या पैशाची जबाबदारी ज्या बँकेवर होती तिची दारे त्यांनी आपल्या वजनाने उघडली होती.

शेतकऱ्याचे दिवाळे काढायला आयोग बसला नाही. ते दहा वर्षांनी बाहेर आले. भाव पडले, सारा वाढला, सावकाराचे व्याज चढत गेले, आणि 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. दख्खनच्या दंग्यांची कारणे अनेक आहेत. कापसाच्या तेजीत घेतलेले कर्ज हे त्यांतले एक म्हणून इतिहासकार सांगत आले आहेत.

आता दानाविषयी. 1864 साली, भरभराटीच्या ऐन शिखरावर, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि नंतर आईच्या नावे घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. राजाबाई अंध होत्या, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवत, आणि घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून हा मनोरा, अशी गोष्ट सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, पैसे खरे होते. ते बाजारातून बाहेर पडून विद्यापीठाच्या हाती गेले. इमारतीचा आराखडा विलायतेत बसून सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी काढला. ते हिंदुस्थानात कधी आलेही नाहीत. 1 मार्च 1869 ला पायाभरणी झाली तेव्हा दात्याचे दिवाळे निघून तीन वर्षे होत आली होती. 1878 मध्ये मनोरा पुरा झाला. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख दिले, तेही 1866 साली. त्यातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. सर आशुतोष मुखर्जी आणि यदुनाथ सरकार हे तिचे मानकरी. शिवचरित्र लिहिणाऱ्या यदुनाथांना मुंबईच्या कापसाचा पैसा असा उपयोगी पडला, हे आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवे. शिवाय सुरतेची मुलींची शाळा, भडोचचे वाचनालय, अहमदाबादचे शिक्षक-अध्यापन महाविद्यालय यांनाही त्यांच्या देणग्या मिळाल्या.

1866 सालच्या देणगीविषयी माझे मन अजून ठरत नाही. घरात घेणेकरी बसलेले असताना दान करावे काय? आमच्या वर्गात यावर वाद झाला आणि दोन तट पडले. एका मित्राचे म्हणणे असे की तो पैसा घेणेकऱ्यांचा होता. मला वाटते, घेणेकऱ्यांपैकी बहुतेक त्याच जुगारात बसले होते आणि तो पैसा त्यांच्या हाती पडता तर पुन्हा कोणत्या तरी शेअरमध्येच गेला असता. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत, हे मलाही कबूल आहे.

दिवाळ्यानंतर प्रेमचंद आणखी चाळीस वर्षे जगले, आणि चरित्राचा हा भाग सर्वांत कमी सांगितला जातो. ते मुंबई सोडून गेले नाहीत. तोंड लपवून बसले नाहीत. पुन्हा दलालीला लागले; कापूस, सोनेचांदी, शेअर, तोच धंदा. काही प्रमाणात सावरले, पण पूर्वीचे वैभव पुन्हा आले नाही. 1875 साली मुंबईच्या देशी शेअरदलालांनी आपली संघटना स्थापन केली. तीच आजच्या मुंबई शेअर बाजाराची मूळ संस्था. ज्या बाजाराने त्यांना वर चढवले आणि खाली आणले तो आता छपराखाली येऊन नियमाने चालू लागला.

बॅक बे कंपनीची जमीन मात्र फारशी निघाली नाही. कंपनी बुडाली आणि समुद्र हटवण्याचे काम पुढे सरकारकडे गेले. 31 ऑगस्ट 1906 रोजी प्रेमचंद वारले तेव्हा त्यांचे वय 75 होते. भायखळ्याचा त्यांचा बंगला, ज्याच्या फाटकाशी एके काळी वाटपाच्या यादीसाठी निम्मी मुंबई उभी असे, तो पुढे जोगिणींच्या मठाकडे गेला आणि तेथे अनाथ मुलींची शाळा भरू लागली.